पाय आमचे, माप कुणाचे?

पायात वहाण घालणे हा या देशात माणसांच्या एका मोठ्या समूहासाठी गुन्हा होता, असे आजच्या कॉलेजातल्या मुलाला सांगितले तर त्याला ती आजोबांची गोष्ट वाटते. पण ही गोष्ट नव्हे, इतिहास आहे. डिसेंबर १९३० मध्ये तेव्हाच्या मद्रास प्रांतातील रामनाड भागात गावातल्या प्रबळ जातीने अस्पृश्यांवर आठ बंधने लादली. सोन्याचांदीचे दागिने घालायचे नाहीत, पुरुषांनी गुडघ्याखाली वस्त्र नेसायचे नाही, असे करीत करीत यादी आठव्या बंधनापर्यंत आली. ते बंधन असे की, उन्हापावसात छत्री धरायची नाही आणि पायात वहाणा घालायच्या नाहीत! जे. एच. हटन यांनी आपल्या जातिविषयक ग्रंथात ही यादी नोंदवून ठेवली आहे.

बरे, तो जुना जमाना म्हणून सोडून द्यावे, तर २०१५ साली संसदेला अत्याचार प्रतिबंधक कायद्यात दुरुस्ती करावी लागली. २६ जानेवारी २०१६ पासून ती लागू झाली. अनुसूचित जाती-जमातींच्या माणसाला सार्वजनिक जागी पादत्राणे किंवा नवे कपडे घालण्यास, सायकल-मोटारसायकलवर बसण्यास मज्जाव करणे हा गुन्हा म्हणून त्या दुरुस्तीत स्पष्ट शब्दांत लिहिला गेला. जे घडतच नाही त्यासाठी कायद्यात कोणी ओळ घालत नाही. प्रजासत्ताकाला सहासष्ट वर्षे झाल्यावर पायातल्या चपलेसाठी कायदा करावा लागतो, यातच सर्व काही आले.

म्हणूनच बाबासाहेबांच्या पुतळ्याच्या पायातले बूट आम्हाला केवळ पोशाखाचा भाग वाटत नाहीत. तो एक विचार आहे. आणि म्हणूनच आज आम्ही या सदरात बुटांवर लिहिणार आहोत. तेही डोंगर चढण्याच्या, कातळ तुडवण्याच्या बुटांवर आणि ज्यांचे पाय रुंद व सपाट आहेत अशा माणसांसाठी. चळवळीच्या पानावर बुटांची चर्चा कशाला, असे काही वाचक म्हणतील. त्यांनी शेवटपर्यंत वाचावे, एवढीच विनंती.

सिंधुदुर्ग जिल्ह्यात, विशेषतः मालवणच्या किनारपट्टीत, चालणे हा छंद नाही; ते जगणे आहे. समुद्रावर पुळण, वर आले की जांभ्याचा सडा, पावसात त्याच सड्यावर शेवाळ, खाली भाताच्या मळ्यात गुडघाभर चिखल आणि पूर्वेला सह्याद्रीच्या घाट्या. मासळीची पाटी घेऊन वाडी-वाडी फिरणारी बाई, चिरेखाणीतला कामगार, काजूच्या बागेतला मजूर, वनरक्षक, आशा सेविका, हे सगळे दिवसभर पायांवर असतात. त्यांत आता आमची तरुण पोरेही आली. पूर्वी गडकोट आणि डोंगर म्हणजे पुण्या-मुंबईच्या सुखवस्तू मंडळींचा रविवार, असे समजले जाई. आज आमचे तरुण लेण्यांचा अभ्यास करायला पाठीवर पिशवी टाकून निघतात. दापोली तालुक्यातील पन्हाळे काजीची २९ लेणी, महाडजवळची गांधारपाले लेणी पाहतात. कुडाळच्या नारूरहून रांगण्यावर चढतात. मालवण तालुक्यातच कुडोपीच्या सड्यावर कातळशिल्पे आहेत. कोकणातील ज्या कातळशिल्पांचा २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत समावेश झाला, त्यांत कुडोपीही आहे. आपला इतिहास पायांनी चालून वाचणारी ही पिढी आहे. तिच्या पायात काय आहे, हा प्रश्न मग साधा राहत नाही.

आता अडचण पाहा. पिढ्यान् पिढ्या अनवाणी किंवा साध्या चपलेवर चाललेला आमचा पाय पुढून रुंद. बोटे मोकळी, पसरलेली. बऱ्याच जणांचा तळवाही सपाट. अशा पायाला आपल्या भाषेत ‘फत्ताडा’ म्हणून हिणवायची रीत आहे. हे पाय घेऊन माणूस दुकानात जातो. लांबीचा बूट घातला तर चवडा आवळतो, करंगळी बाहेरच्या बाजूला चिरडते. दुकानदार सांगतो, “घाला, दोन दिसांत सैल होतले.” सैल होत नाहीत, पायालाच घट्टे पडतात. मग तोच दुकानदार एक नंबर मोठा जोड पुढे करतो. चवडा मावतो, पण टाच आत उचलते, बूट जिथे वाकायला हवा तिथे वाकत नाही आणि घाटी उतरताना अंगठा पुढे आपटून नख काळे पडते. शेवटी माणूस म्हणतो, ‘माझे पायच वाईट.’ आम्हाला या शेवटच्या वाक्यावर बोलायचे आहे. माप चुकीचे असताना माणसाने स्वतःलाच चुकीचे समजावे, ही सवय आपल्याला कुणी लावली, हे वाचकांना सांगण्याची गरज नाही.

आपण ज्याला बुटाचा ‘नंबर’ म्हणतो तो इंग्रजांनी दिलेला. त्या पद्धतीत एका नंबराने बूट एक तृतीयांश इंचाने वाढतो. जुन्या इंग्लंडात हे जवाच्या दाण्याच्या लांबीचे माप होते. म्हणजे आमचा पाय मोजला जातो तो जवाच्या दाण्याने आणि तोही फक्त लांबीत! पाय रुंद किती, उंच किती, याची त्यात कुठे नोंदच नाही. गोरा साहेब गेला, पण त्याच्या पायाचा साचा दुकानात राहिला.

ही केवळ आमची तक्रार नाही. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात देशातील ७९ ठिकाणी १ लाखाहून अधिक लोकांचे पाय यंत्राने मोजले. निष्कर्ष असा निघाला की भारतीयांचे पाय युरोपीय व अमेरिकी लोकांच्या पायांपेक्षा सर्वसाधारणपणे अधिक रुंद असतात. त्यावरून भारतीय पायांसाठी ‘भा’ नावाची स्वतंत्र मापपद्धती सुचवण्यात आली. इंग्रजी दहा-बारा नंबरांऐवजी आठच मापे, पण रुंदीचा विचार करून. २०२४ मध्ये हे जाहीर झाले. स्वातंत्र्याला पाऊणशे वर्षे होईपर्यंत या देशाने आपल्या माणसांचे पाय नीट मोजले नव्हते, हा याचा सरळ अर्थ आहे. जे मोजले जात नाही त्याची दखल घेतली जात नाही. जातनिहाय जनगणनेचा आग्रह धरणाऱ्या आमच्या वाचकांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

आता सपाट पायांविषयी. यावर आपल्याकडे शास्त्र कमी आणि समज फार. मणिपालच्या कस्तुरबा वैद्यकीय महाविद्यालयातील डॉक्टरांनी १९९२ मध्ये ४ ते १३ वर्षांच्या २,३०० मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. मणिपाल म्हणजे आपल्याच पश्चिम किनाऱ्यावरचे गाव. त्यात पादत्राणे वापरणाऱ्या मुलांत सपाट पायांचे प्रमाण ८.६ टक्के आणि अनवाणी वाढणाऱ्या मुलांत २.८ टक्के आढळले. पुढून बंद बूट घालणाऱ्यांत ते सर्वांत जास्त होते, सँडल-चपला घालणाऱ्यांत त्याहून कमी. म्हणजे ‘लहानपणी बूट घातले नाहीत म्हणून पाय सपाट झाले’ हा समज उलटा आहे. लहान मुलाचा पाय साधारण सहा वर्षांपर्यंत सपाट दिसणे हे बहुतेक वेळा नैसर्गिकच असते. आईबापांनी घाबरून त्याला ताठ बुटात कोंडू नये. अंगणात, पुळणीवर मोकळे खेळू द्यावे.

परंतु यावरून कुणी अनवाणी चालण्याचे गोडवे गाऊ नयेत. हौसेने अनवाणी चालणे वेगळे आणि वहाण मिळत नाही किंवा घालू देत नाहीत म्हणून अनवाणी चालणे वेगळे. सिंधुदुर्गात भाताच्या दिवसांत लेप्टोच्या तापाची भीती असते. त्याचे जंतू चिखलपाण्यातून, पायावरच्या चिरेतून शरीरात शिरतात. काटा, काच, साप, विंचू हे आहेतच. अनवाणी पायाचे कौतुक ज्यांना करायचे असेल त्यांनी ते एक पावसाळा मळ्यात काढून करावे.

प्रौढ माणसाने आपला पाय कसा आहे हे घरीच पाहावे. पाय ओला करून कोरड्या फरशीवर किंवा जुन्या वर्तमानपत्रावर ठेवावा. मधली पोकळी न उमटता सगळा तळवा उमटला तर पाय सपाट. मग चवड्यांवर उभे राहावे. टाचा उचलल्यावर तळव्याची कमान दिसू लागली तर पाय लवचीक आहे आणि दुखत नसेल तर त्यात सहसा काळजीचे कारण नाही. कमान तेव्हाही दिसत नसेल, किंवा घोट्याच्या आतल्या बाजूला दुखत असेल, किंवा एकच पाय अलीकडे सपाट होऊ लागला असेल, तर अस्थिरोगतज्ज्ञाला दाखवावे. मधुमेह असणाऱ्यांनी तर पायाच्या बाबतीत मुळीच हलगर्जी करू नये.

आणि इथे भरतीच्या मुलामुलींना एक गोष्ट स्पष्ट सांगतो. १९४१ मध्ये महार रेजिमेंट उभी राहिली, त्याच्या कितीतरी आधीपासून कोकणातल्या आमच्या माणसांचा लष्कराशी संबंध आहे. आजही पोलीस आणि सैन्य हा आमच्या घरांतून सरकारी नोकरीचा मोठा रस्ता आहे. मुले १,६०० मीटर आणि मुली ८०० मीटर धावण्याचा सराव पहाटे करतात. पण भरतीच्या वैद्यकीय तपासणीत सपाट पाय हा उमेदवार बाद होण्याचा एक नेहमीचा मुद्दा आहे, हे पुष्कळांना मैदान मारल्यानंतर कळते. दोन वर्षे आणि आईने पै-पै जमवलेली अकादमीची फी खर्च करण्यापूर्वी ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात पाय दाखवून घ्यावा. त्या-त्या भरतीची जाहिरात आणि वैद्यकीय निकष स्वतः वाचावेत. बुटात गादी घालून प्रौढ माणसाच्या हाडांची रचना बदलत नाही. गादीने आराम पडतो, कायमची कमान तयार होत नाही. ‘तीन महिन्यांत सपाट पाय बरा’ म्हणणारा आणि ताईत विकणारा बुवा यांत आम्ही फरक करीत नाही.

पायाच्या प्रश्नाकडे कसे पाहावे याचे उत्तर आम्हाला विनयपिटकात सापडते. महावग्गाच्या पाचव्या भागाचे नावच चम्मक्खन्धक, म्हणजे कातड्यासंबंधीचे प्रकरण. चंपेचा सोण कोलिविस हा अतिशय श्रीमंत घरातला, कोमल पायांचा तरुण भिक्षू झाला. चंक्रमण करता करता त्याचे पाय फुटले आणि वाट रक्ताने भिजली. तथागतांनी त्याला वीणेच्या तारेचा दाखला देऊन मध्यम मार्ग समजावला. पुढे त्याला एकेरी तळाच्या वहाणा वापरण्याची मोकळीक दिली. सोण म्हणाला, मला एकट्याला नको. संघाला परवानगी असेल तरच मी वापरीन. तेव्हा ती सर्व भिक्षूंना मिळाली. त्याच प्रकरणात दुसऱ्या एका सोणाची, सोण कुटिकण्णाची कथा आहे. अवंती-दक्षिणापथातून महाकच्चायनाचा निरोप घेऊन तो आला. तिकडची जमीन काळी, कठीण आणि गुरांच्या खुरांनी खडबडीत झालेली आहे, असे त्याने सांगितले. भगवंतांनी सीमावर्ती प्रदेशांसाठी अनेक पदरी तळाच्या वहाणांना संमती दिली. अडीच हजार वर्षांपूर्वीची ही दृष्टी पाहा! पाय कसा आहे, जमीन कशी आहे, हे पाहून नियम बदलला. नियमासाठी पाय कापला नाही.

हाच विवेक घेऊन दुकानात जावे. बूट घ्यायला संध्याकाळी जावे, कारण दिवसभर उभे राहून पाय थोडा फुगलेला असतो आणि डोंगरातही तो तसाच फुगणार असतो. जाण्यापूर्वी जाड कागदावर उभे राहून, पेन्सिल सरळ धरून दोन्ही पायांची रेघ काढावी. दोन पाय सारखे नसतात, मोठा पाय धरावा. कागद रेघेवर कापून न्यावा. बुटाचा आतला सुटा तळ बाहेर काढून त्यावर हा कागद ठेवावा. कागद बाजूने बाहेर येत असेल तर तो बूट कितीही सुंदर असो, तो आपला नाही. ही तपासणी फुकट आहे आणि दुकानदाराच्या शब्दापेक्षा खरी आहे.

मग जाड मोजे घालून बूट चढवावा. उभे राहिल्यावर पुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. ती घाट उतरताना उपयोगी पडते. बोटे आत हलवता आली पाहिजेत. टाच मात्र घट्ट बसली पाहिजे. बूट हातात घेऊन वाकवावा: तो बोटांच्या मुळाशी वाकला पाहिजे, मधोमध दुमडला तर सपाट पायाला त्याचा आधार नाही. दोन्ही टोके धरून पिळून पाहावा. फडक्यासारखा पिळला तर ठेवून द्यावा. टाचेमागचा भाग अंगठ्याने दाबावा. तो कडक असावा, कारण सपाट पायाची टाच आत झुकते आणि तिला तोच सावरतो. चवडा फार रुंद असेल तर नाडी खालच्या पहिल्या भोकांतून न ओवता वरून सुरू करावी, तेवढाच पाय सुटतो.

रुंदीचीही मापे असतात, हे पुष्कळांना ठाऊक नसते. अमेरिकी पद्धतीत पुरुषांच्या बुटात ‘डी’ ही साधारण रुंदी, ‘ईई’ म्हणजे रुंद आणि ‘४ई’ म्हणजे अतिरुंद. स्त्रियांच्या बुटात ‘बी’ साधारण आणि ‘डी’ रुंद. न्यू बॅलन्ससारख्या कंपन्या एकाच लांबीत अनेक रुंदीचे जोड काढतात, पण किंमत पाहिली की आपला पाय मागे येतो. बायकांची तर दुहेरी कोंडी आहे. दुकानात त्यांच्यासाठी निमुळते, नाजूक जोड मांडलेले. तेव्हा रुंद पायाच्या बाईने लांबी जमवून बेधडक पुरुषांचा जोड घ्यावा, लाज बाळगू नये. सह्याद्रीत भटकणाऱ्या मराठी पोरांमध्ये अ‍ॅक्शनचा ट्रेकिंग बूट परवडणारा आणि पकडीचा म्हणून वर्षानुवर्षे नावाजलेला आहे. पण मित्राच्या पायाला बसला तो आपल्याला बसेलच असे नाही. कागदाची कसोटी प्रत्येक जोडाला लावावी.

कोकणात बूट टिकवणे हाही एक उद्योगच आहे. ओल्या जांभ्यावर कडक प्लॅस्टिकचा तळ घसरतो. मऊ रबराचा, खोल खाचांचा तळ पाहावा. पुष्कळ बुटांच्या तळात फोमसारखे पॉलियुरेथेन असते. दमट हवेत ते वापर नसतानाही आतून कुजते आणि एक दिवस वाटेतच तळ सुटून येतो. म्हणून ‘जपून ठेवलेला’ नवा जोड सहलीच्या आदल्या रात्री बाहेर काढू नये, अधूनमधून वापरावा. तळ नुसता चिकटवलेला असेल तर मोचीदादाकडून बाजूने टाके घालून घ्यावेत. खाऱ्या पाण्यात भिजला तर गोड्या पाण्याने धुवावा. चुलीपुढे वाळवू नये, कातडे तडकते. आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून सावलीत वाळवावा.

आता मूळ प्रश्न. आमच्या पायाचा बूट कोण करणार? एके काळी गावातला चर्मकार बांधव पायाखाली कातडे ठेवून, रेघ मारून, रापीने कापून माणसागणिक वहाण करीत असे. त्याला पायाची रुंदी, उंची, घट्टा, सगळे माहीत होते. आज ज्याला मोठ्या शहरांत ‘मापाचा बूट’ म्हणून भारी दाम मोजावे लागते, ते ज्ञान ज्याच्याकडे होते त्यालाच या व्यवस्थेने शिवू नये असे ठरवले. त्याने केलेली वहाण पायात चालली, तो दारात चालला नाही! कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. जून २०२५ मध्ये इटलीच्या प्राडा कंपनीने मिलानच्या मंचावर तशीच चपल कोल्हापूरचे नाव न घेता मिरवली, गदारोळ झाला, मग कंपनीने प्रेरणा कबूल केली. कारागिराच्या अंगणात मात्र २०१५ च्या गोवंश हत्याबंदीनंतर कातडे मिळणेच कठीण झाले आहे.

इथे गैरसमज नको. चर्मकाराच्या मुलाने पुन्हा रापी-आरी धरावी, असे आम्ही म्हणत नाही. १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत मेलेली गुरे ओढण्याचे काम सोडा म्हणून सांगितले गेले. जन्माने धंदा ठरवणारी साखळी बाबासाहेबांना तोडायची होती, हे आम्ही विसरलेलो नाही. आमचे म्हणणे असे की, हे कसब जातीच्या अंगणातून निघून शाळेच्या वर्गात आले पाहिजे. कलबूत घडवणे, पाय मोजणे, बूट बांधणे हा आयटीआयमधला अभ्यासक्रम व्हावा. त्यात कोणत्याही जातीच्या मुला-मुलीने बसावे आणि शिकवायला जुन्या जाणत्या कारागिराला मानाने, पगारावर बोलवावे. १९७४ पासून राज्यात संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळ आहे. त्याने रुंद पायांसाठी, चिरेखाणीतल्या आणि मळ्यातल्या माणसासाठी, भरतीच्या मुलांसाठी परवडणारा मजबूत बूट काढावा. वनरक्षक आणि आरोग्यसेविकांना सरकारी खर्चाने जोड दिले जातील तेव्हा ते पाय मोजून द्यावेत, नंबर विचारून नव्हे. या मागण्या आमच्या कार्यकर्त्यांनी निवेदनात लिहाव्यात. रस्ता, पाणी, जमीन यांच्या शेजारी हाही मुद्दा शोभून दिसेल.

मालवणच्या सिंधुदुर्ग किल्ल्यात शिवरायांच्या पायाचा ठसा म्हणून एक खूण चुन्यात जपलेली आहे. लोक तिच्यापुढे नतमस्तक होतात. पण आपल्याच वाडीतल्या शेतमजूर बाईच्या भेगाळलेल्या टाचेकडे कुणी पाहत नाही. सोण कोलिविसाने एकट्यासाठी वहाण घेतली नाही, ती सर्वांसाठी मागितली. आपल्यातल्या ज्यांना चांगला बूट परवडतो त्यांनी तो जरूर घ्यावा, नीट मापून घ्यावा. पण मग गप्प बसू नये. येत्या बैठकीत एक जाड कागद, एक पेन्सिल न्यावी आणि वस्तीतल्या पन्नास माणसांचे पाय मोजावेत. ते पन्नास कागद निवेदनाला जोडावेत. आमच्या पायांचे माप आता आम्हीच घेतले पाहिजे.

जय भीम!